गुलमंडी पायी करायची तर? बाजाररस्ता गाड्यांना बंद करण्यामागचं गणित

मराठवाड्यात रस्ता अडवून बाजार भरवण्याची कुणाला नवलाई नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गावातला मुख्य रस्ता सकाळपासून भाजीवाल्यांच्या ताब्यात जातो, गाड्या बाहेरून वळतात आणि दिवेलागणीला पालं उठली की रस्ता पुन्हा रस्ता होतो. तुळजापुरात नवरात्रात, पैठणला नाथषष्ठीला, संभाजीनगरात कर्णपुऱ्याच्या यात्रेत हेच घडतं. त्याला कुणी ‘पादचारी प्लाझा’ म्हणत नाही आणि त्यासाठी सल्लागारही नेमावा लागत नाही.

मग संभाजीनगरातला पैठण गेट ते गुलमंडी हा टिळक पथ किंवा लातूरच्या गंजगोलाईचा एखादा रस्ता रोजच गाड्यांना बंद ठेवा म्हटलं, की एवढा गलका का होतो? यात्रेची बंदी चार दिवसांची असते आणि चार दिवस माणूस काहीही निभावून नेतो. कायमची बंदी आली की दुकानाचा माल, वरच्या मजल्यावरचे आजारी आजोबा, पाण्याचा टँकर, लग्नाचा बस्ता, हातगाड्या आणि शेकडो दुचाक्या या सगळ्यांना जागा आणि वेळ कायमची ठरवून द्यावी लागते. खरं काम हेच आहे, आणि ते बंद केलेल्या रस्त्यावर फार थोडं असतं. त्याच्या दोन टोकांना आणि मागच्या गल्लीत ते जास्त असतं. आपल्याकडे चर्चा मात्र बाक कुठे बसवायचे आणि दिवे कसले लावायचे यावरच सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते.

आज त्या रस्त्यात काय काय भरलंय

समजा, बाजारातला रस्ता या ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत १२ मीटर आहे. दोन्ही बाजूंना दुकानांसमोर दुचाक्या आडव्या लागल्या, की दोन-दोन मीटर गेले. उरले आठ. एका बाजूने हातगाड्या धरल्या तर दीड मीटर आणखी गेला. मग ‘पाचच मिनिटं, आलोच’ म्हणून कुणीतरी कार उभी करून जातो, ती दोन मीटर खाते. उरलेल्या साडेचार मीटरमधून दोन्ही दिशांच्या मोटारसायकली, रिक्षा, माल घेऊन आलेला छोटा हत्ती आणि बाजाराला आलेली झाडून सगळी माणसं जायची असतात. ज्यांच्या खरेदीवर हा बाजार चालतो, त्यांच्या वाट्याला स्वतःची म्हणून एक वीतही येत नाही.

आणि यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे रुंदीकरण. जुन्या शहरात दुकानांची तोंडं मागे सरकवून रस्ते मोठे केले गेले. वाढलेली जागा काही दिवस मोकळी दिसते, नंतर तिच्यात दुचाक्यांची आणखी एक रांग लागते. जागा फुकट आहे तोवर गाड्या तिथे येणारच.

जागेचा हिशोब जरा नीट करू. बांधकाम नियमांत एका कारच्या पार्किंगसाठी साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. दुचाकीला एक बाय दोन, म्हणजे दोन चौरस मीटर. एका कारच्या जागेत सहा दुचाक्या. चालण्याचा हिशोब आणखी बोलका आहे. ‘नॅक्टो’ या अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार, तीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून खासगी गाड्यांनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून ८,००० ते ९,००० जाऊ शकतात. हे आकडे कारवाल्या देशाचे आहेत. आपल्याकडे एका मोटारसायकलवर तिघं बसतात आणि रिक्षात किती बसतात ते विचारू नका, त्यामुळे फरक थोडा कमी भरेल. तरीही पायी माणूस सगळ्यात कमी जागेत मावतो, हे इथेही तितकंच खरं आहे.

कोण बाजाराला आलंय आणि कोण नुसतंच चाललंय

रस्ता बंद करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: या रस्त्यावरच्या गाड्यांपैकी किती इथे थांबायला आल्यात आणि किती फक्त आरपार जाताहेत? पैठण गेटकडून शिरून सिटी चौकाकडे निघालेला मोटारसायकलवाला गुलमंडीत काहीही घेत नाही. तो फक्त गर्दी वाढवतो, हॉर्न वाजवतो आणि वैतागून बाहेर पडतो. त्याला दुसरा बरा रस्ता मिळाला तर दुकानदाराचं एका पैशाचंही नुकसान नाही.

हे मोजायला महागडी यंत्रणा लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मुलं बसवायची आणि गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे वेळेसह टिपायचे. जो नंबर दुसऱ्या टोकाला पाच-सात मिनिटांत दिसला तो आरपार; जो अर्ध्या तासाने दिसला तो गिऱ्हाईक, दुकानदार किंवा रहिवासी. साध्या वारी दोन तास, शनिवारी दोन तास आणि रविवारी दोन तास एवढी मोजणीही पुष्कळ झाली. अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं प्रकल्प म्हणून आनंदाने करतील. आरपार जाणारे निम्म्याहून जास्त निघाले तर बंदीची बाजू भक्कम. थांबणारेच जास्त निघाले तर आधी टोकांना पार्किंगची सोय करावी लागेल, बंदी त्यानंतर.

मग आरपारवाल्यांचं काय? ते शेजारच्या गल्ल्यांत घुसून तिथे कोंडी करतील, अशी भीती असते. ती वाहतूक पाण्यासारखी आहे या समजुतीतून येते: इथे अडवलं की तेवढंच पाणी तिकडून वाहणार. पण गाडीवर माणूस बसलेला असतो आणि माणूस विचार बदलतो. तो वेळ बदलतो, वाट बदलतो, दोन फेऱ्यांची कामं एकात उरकतो, जवळचं काम असेल तर चालत जातो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये ११ देशांतली रस्ते बंद किंवा अरुंद केल्याची सुमारे ७० उदाहरणं तपासली. त्यांतला मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, असा निघाला की बदललेल्या रस्त्यावरून आधी जाणाऱ्या वाहतुकीपैकी सुमारे ११ टक्के आजूबाजूच्या रस्त्यांवर सापडलीच नाही. काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त, तर काही ठिकाणी जवळपास काहीच नाही.

११ टक्के म्हणजे जादू नव्हे. उरलेल्या गाड्या कुठेतरी जाणारच आणि आपल्या बाबतीत त्या औरंगपुरा, निराला बाजार, सिल्लेखाना या बाजूंच्या रस्त्यांवर येणार. हे रस्ते आत्ताच तुंबलेले आहेत. म्हणून मुख्य रस्ता बंद करायच्या आधी शेजारच्या रस्त्यांवरची पार्किंग एका बाजूला आणणं, दोन रस्त्यांची जोडी करून एकावरून जाणं आणि दुसऱ्यावरून येणं ठरवणं, कोपऱ्यावरचा रिक्षा थांबा ५० पावलं मागे सरकवणं, ही किरकोळ वाटणारी कामं आधी उरकावी लागतात. त्यांची बातमी होत नाही, उद्घाटनही होत नाही. त्यामुळेच ती राहून जातात.

लातुरात हेच गणित वेगळ्या आकाराचं आहे. गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाणारी गाडी गोलाईला वळसा घालते. तिथे एक-दोन रस्ते बंद केले तर बाकीचे सावरून घेतील. पण कुणी उत्साहाच्या भरात गोलाईच गाड्यांना बंद केली, तर एकदम १६ रस्त्यांची टोकं आंधळी होतील आणि प्रत्येक टोकाला गाडी वळवायला जागा शोधावी लागेल. गोलाईभोवती कप्प्याकप्प्याने बाजार आहेत. त्यातला सराफा किंवा कापडाचा एखादा रस्ता आधी निवडणं शहाणपणाचं. गूळ, मिरची यांसारख्या जड मालाचा बाजार अगदी शेवटी घ्यावा, कारण तिथलं गिऱ्हाईक पिशवी घेऊन नाही, पोतं घेऊन जातं.

जिथे जमलं आणि जिथे फसलं

कोपनहेगनमधला स्ट्रॉएट हा रस्ता या विषयात नेहमी दाखवला जातो. सुमारे १.१ किलोमीटरचा हा बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणून गाड्यांना बंद झाला. व्यापारी चिडलेले होते, थंड देशात रस्त्यावर कोण रेंगाळणार असं त्यांचं म्हणणं होतं. लोक आले आणि रेंगाळले. त्यानंतर त्या शहराने बाजारपेठेतली पार्किंगची जागा वर्षाला थोडी थोडी कमी केली, इतकी सावकाश की कुणाच्या नजरेत भरू नये. ब्राझीलच्या कुरिचिबा शहरात १९७२ मध्ये उलटं झालं. महापौर जाइमे लर्नर यांनी शुक्रवारी रात्री कामाला हात घातला आणि न्यायालय उघडायच्या आत, शनिवार-रविवार धरून, रस्ता पायी करून टाकला. पुढे गाडीवाले मोर्चा घेऊन येणार म्हटल्यावर रस्त्यावर कागद अंथरून लहान मुलांना चित्रं काढायला बसवलं. युक्ती ऐकायला झकास आहे, पण माझं मत कोपनहेगनच्या बाजूने. आपल्याकडे एका रात्रीत केलेली गोष्ट दुसऱ्या रात्रीत उलटतेही.

अमेरिकेची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही आणि ती जास्त उपयोगाची आहे. मिशिगन राज्यातल्या कलामाझू शहराने १९५९ मध्ये बाजाररस्ता गाड्यांना बंद केला. त्याचं बघून पुढच्या २०-२५ वर्षांत सुमारे २०० शहरांनी तसे रस्ते केले. त्यांतले बहुतेक पुढे पुन्हा गाड्यांना उघडावे लागले. कलामाझूनेही १९९८ मध्ये आपल्या रस्त्याचा काही भाग उघडला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा १९६४ चा रस्ता २०१७ मध्ये उघडला. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटने १९७९ ते १९९६ एवढी वर्षं काढली.

का फसले? त्या बाजारांच्या वर आणि मागे कुणी राहत नव्हतं. लोक उपनगरांत गेले होते, खरेदी हमरस्त्यालगतच्या मॉलमध्ये व्हायची, ऑफिसं सुटली की बाजारपेठ ओस. ज्या रस्त्यावर मुळात माणूस नाही, तिथली गाडी काढून माणूस येत नाही. जे टिकले त्यांतले बरेच विद्यापीठांच्या गावातले किंवा पर्यटकांच्या वाटेवरचे होते, जिथे पायी फिरणारं माणूस आधीपासूनच होतं.

या कसोटीवर गुलमंडी चांगली उतरते. खाली दुकान, वर घर, मागे रंगारगल्ली, पलीकडे औरंगपुरा, सगळं चालत येण्याच्या टप्प्यात. रात्री उशिरापर्यंत जाग असते. हाच प्रयोग जालना रोडसारख्या हमरस्त्यावर करा म्हटलं तर मी पहिला विरोध करीन.

देशातलं जवळचं उदाहरण दिल्लीच्या चांदनी चौकाचं. लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा पट्टा नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी, सायकलरिक्षांना मुभा आणि मालाची चढउतार रात्री. ही घड्याळाची योजना उचलण्यासारखी आहे. देखरेखीचा धडाही तिथेच मिळतो: पहारा सैल पडला की दुचाक्या हळूच आत येतात. चेन्नईच्या पाँडी बाजारने २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. गाड्या पूर्ण बंद न करता पदपथ ऐसपैस रुंद केले आणि जवळच बहुमजली पार्किंग उभारलं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात आणि लक्ष्मी रस्त्याचा भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. एक दिवसाचा उत्सव म्हणून ठीक आहे, पण एका दिवसाच्या गर्दीवरून ३६५ दिवसांचा अंदाज बांधता येत नाही. आपलं शहरही यात कोरं नाही: केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ उपक्रमात तेव्हाच्या औरंगाबादने भाग घेतला होता.

दुकानदाराची भीती आणि लग्नाचा बस्ता

दुकानदाराची भीती साधी असते. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. तिला हसून चालत नाही, पण तपासता येते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये झालेल्या पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाईक कारने येतं. गिऱ्हाईकांनाच विचारलं तेव्हा ते २२ टक्के निघाले. दुकानदार खोटं बोलत नव्हते. गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक लक्षात राहतं आणि दुकानदाराची स्वतःची गाडी तर दारातच उभी असते. आपल्या बाजारांतही सकाळी शटर उघडायच्या वेळी एक फेरी मारावी. दुकानांसमोरच्या सगळ्यात मोक्याच्या जागा गिऱ्हाईक यायच्या आधीच भरलेल्या असतात, त्या कुणी भरल्या ते सांगायला नको.

पण मराठवाड्यातला एक प्रश्न ब्रिस्टलच्या पाहणीत सापडणार नाही, तो बस्त्याचा. लग्नाचा बस्ता बांधायला गंगापूर, पैठण, फुलंब्रीकडून वऱ्हाडच येतं. क्रूझरमध्ये दाटीवाटीने बसलेली १५ माणसं: नवरा, नवरी, दोन्हीकडचे मामा, आत्या, एक हिशोबाचे काका आणि नुसती गंमत बघायला आलेली पोरं. सकाळी शिरतात ते संध्याकाळी बाहेर पडतात. कपडे, मग भांडी, मग दागिने. एका दुकानाची आठवड्याची विक्री एका वऱ्हाडाने होते. या क्रूझरला दिवसभर थांबायला जागा, बायकांना स्वच्छतागृह आणि संध्याकाळी गाठोडी गाडीपर्यंत नेण्याची सोय, या तीन गोष्टी टोकाला नसतील तर ते वऱ्हाड पुढच्या खेपेला हायवेवरच्या मोठ्या दुकानात जाईल. तिथे पार्किंग आहे, गारवा आहे, वर चहाही देतात.

ही सोय अवघड नाही. टोकाला माणसं उतरवून घ्यायची, क्रूझर मोठ्या मैदानात पाठवायची आणि गाठोड्यांसाठी दुकानदारांनी मिळून पाच-सहा हातगाड्या आणि हमाल ठेवायचे. चांदनी चौकात सायकलरिक्षा जे काम करतात ते इथे बॅटरीवरच्या दोन-तीन छोट्या गाड्या करू शकतील. म्हाताऱ्या माणसांना टोकापासून दुकानापर्यंत सोडायलाही त्याच. फक्त त्या किती आणि कुणाच्या, हे आधी लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांत त्यांचीच कोंडी होईल.

मालाचं उत्तर घड्याळात आहे. छोटा हत्ती सकाळी नऊच्या आत किंवा रात्री नऊनंतर. ठोक व्यापाऱ्याला हे पटत नाही, कारण ट्रान्सपोर्टची गाडी त्याच्या सोयीने येत नाही. त्यासाठी मागच्या गल्लीत चढउताराची एक-दोन ठिकाणं आखावी लागतात. गल्ली अरुंद असेल तर माल टोकाला उतरवून ठेल्यावर आणायचा. खर्च थोडा वाढतो, हे मान्यच करावं.

ज्याची भीती कुणी बोलून दाखवत नाही ती भाड्याची. रस्ता चांगला झाला की जागेचा भाव चढतो. स्वतःच्या जागेतला दुकानदार खूश. जुना भाडेकरू मात्र अडचणीत, त्याच्या जागी मोठ्या ब्रँडचं शोरूम येऊ शकतं. महापालिकेच्या आराखड्यात या प्रश्नाला रकाना नसतो.

हातगाडीवाल्यांचं काय

सुशोभीकरण आलं की पहिला घाव पथारीवाल्यावर, ही आपली रीत. पण आता कायदा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविका संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा सांगतो की शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, दर पाच वर्षांनी एकदा तरी सर्वेक्षण व्हावं आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणालाही उठवू नये. जिथे परंपरेने खरेदी-विक्री होत आली तो ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून त्याला वेगळं महत्त्व आहे. गुलमंडी, शहागंज यांना तो शब्द लागू होणार नाही तर कुठे होईल?

व्यवहाराच्या बाजूने पाहिलं तरी फेरीवाले हवेत. दुकानं दहाला उघडतात, भाजीवाली त्याआधीच बसलेली असते. ती नसेल तर सकाळचा रिकामा रस्ता पुन्हा गाड्यांचा होतो. मात्र त्यांना आखून दिलेली जागा हवी, आणि ती रस्त्याच्या मधोमध नको. आगीचा बंब जायला साडेतीन-चार मीटरचा सरळ, मोकळा पट्टा सदैव राखून ठेवावा लागतो. त्या पट्ट्यात बाक नाही, कुंडी नाही, कमान नाही आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मंडपही नाही. लाकडी माड्या आणि कापडाची गोदामं असलेल्या जुन्या बाजारात ही अट अजिबात सैल करू नये. टोकाला खांब बसवायचे तर मधले दोन काढता येणारे हवेत आणि त्यांची किल्ली अग्निशमन दल, पोलीस चौकी आणि गल्लीतला एक जबाबदार माणूस अशा तिघांकडे हवी.

हुकूम कुणाचा

महापालिका ठराव करते, पण गाड्यांना मनाई करण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मधून येतो. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षितता वा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक किंवा सर्व मोटारगाड्यांना बंदी घालू शकतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या संभाजीनगरात ही अधिसूचना पोलिसांकडून निघते. लातूर, बीड, धाराशिवसारख्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. बंदीच्या पाट्या लावणं त्यात आलंच. पाटी नसेल तर दंडाची पावती टिकणं अवघड.

याच कलमातली एक तरतूद फार कामाची आहे. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना छापावी लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. म्हणजे एक महिन्याचा प्रयोग करायला कायद्याने दार उघडंच ठेवलंय. त्या महिन्यात गट्टू बसवायचे नाहीत, ग्रॅनाइट आणायचा नाही. प्लास्टिकचे बॅरिकेड, जमिनीवर रंग, भाड्याच्या खुर्च्या आणि ताडपत्र्या. न्यूयॉर्कने मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवे बंद केला तेव्हा सुरुवातीला साध्या घडीच्या खुर्च्याच टाकल्या होत्या. पक्कं बांधकाम २०१६ च्या शेवटी पूर्ण झालं. आपल्याकडे निविदा आधी निघते आणि विचार नंतर, ही सवय या एका कामापुरती तरी मोडावी.

रहिवाशांसाठी पास लागतील. घरटी किती गाड्या, कोणत्या वेळी, याचा निर्णय गल्लीच्या बैठकीतच व्हावा. रुग्णवाहिका, अंत्ययात्रा आणि पाण्याचा टँकर यांना वेळेचं बंधन नको. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात टँकरचा रस्ता अडवणारी योजना एक आठवडाही टिकायची नाही.

ऊन

कोपनहेगनला ऊन मिळावं म्हणून बाक मांडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. दुपारी बारा ते चार गाड्या असोत नसोत, काळ्या डांबरावरून कुणी हौसेने चालणार नाही. सावलीशिवाय पायी रस्ता म्हणजे उन्हाळ्यात रिकामा रस्ता आणि रिकामा रस्ता म्हणजे पुन्हा पार्किंग. झाडं लावावीतच. कडुनिंब इथल्या मातीत तग धरतो, पण त्याची सावली मिळायला काही वर्षं जातात. तोवर दोन्ही बाजूंच्या माड्यांना दोर बांधून वर कापड ताणणं हा आपल्या बाजारांचा जुनाच उपाय आहे. फक्त बंबाच्या शिडीला आडवं येणार नाही अशा उंचीवर आणि सहज सुटेल असं. रांजण दुकानदार ठेवतातच. उन्हाळ्यात दुपारची बंदी उठवून ती फक्त चार ते रात्री दहा ठेवली तरी बिघडत नाही. नियम ऋतूप्रमाणे बदलू शकतो.

खाली काय पुरलंय हेही बघायला हवं. जुन्या शहरात जलवाहिनी, ड्रेनेज आणि केबल यांचा एकमेकांत गुंता आहे. वरून फरशी बसवून झाली की पंधरा दिवसांत कुणीतरी खोदायला येतं. त्यामुळे पाइप आधी, फरशी नंतर आणि ती उचलता येईल अशीच. आणि चढ-उतार कमी: पदपथाची कड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी, असं भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सगळा रस्ता एकाच पातळीत आणला तर चाकाच्या खुर्चीलाही अडसर नाही आणि पैठणी सावरत चालणाऱ्या बाईलाही.

प्रयोग कधी करायचा आणि मोजायचं काय

महिनाभराचा प्रयोग कोणत्या महिन्यात केला यावर त्याचा निकाल अर्धाअधिक ठरतो. दिवाळीत केला तर गर्दी तशीही होणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही. पितृपक्षात केला तर बाजार थंड असतो आणि खापर बंदीवर फुटतं. मे महिन्यात ऊन, श्रावणात पाऊस, मार्चमध्ये परीक्षा. त्यापेक्षा संक्रांत झाल्यावर जानेवारीच्या मध्यापासून चार आठवडे बरे. हवा चांगली, लग्नं असतात पण तुडुंब नसतात.

विक्री मोजायची तर दुकानदार खरा आकडा सांगणार नाही, महापालिकेला तर नाहीच. त्याऐवजी टोकाला उभं राहून बाहेर पडणाऱ्या शंभर माणसांपैकी किती जणांच्या हातात पिशवी आहे ते मोजावं. शेजारच्या रस्त्यांवर एकच ठरलेली रिक्षाफेरी करून लागणारी मिनिटं मोजावीत. दुपारी आणि संध्याकाळी आवाज मोजावा. रस्त्यावर बसलेली, थांबून बोलणारी माणसं आणि त्यांत बायका किती, तेही.

आणखी एक खबरदारी फक्त इथेच लागते. मराठवाड्यातला बाजार सोयाबीन आणि कापसाच्या पैशावर चालतो. सोयाबीनचा भाव पडला किंवा अतिवृष्टीने पीक गेलं, तर गुलमंडीतली उलाढाल गाड्या सुरू असोत की बंद, खाली येणारच. त्यामुळे मागच्या वर्षीच्या जानेवारीशी केलेली तुलना एकटी पुरत नाही. बंद केलेल्या रस्त्याबरोबरच बंद न केलेल्या एखाद्या बाजारातही, समजा शहागंजात, त्याच दिवशी, त्याच तासाला पिशव्या मोजायला हव्यात. दोन्हीकडे सारखीच घट दिसली तर दोष भावाचा. एकीकडेच दिसली तर बंदीचा. आणि ही मोजणी बॅरिकेड लागायच्या आधी, डिसेंबरातच दोन्ही ठिकाणी एकदा होऊन गेलेली असली पाहिजे.